सिलर मारण्याआधी थोडं थांबा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत पुन्हा डबे घेऊन माणसं फिरू लागली. गेटच्या आत जिथं आपण गाडी लावतो त्या सिमेंटच्या कोब्यावर ‘सिलर मारून देतो, आरशासारखा चमकेल’ असं दारोदार सांगतात. सिलर म्हणजे कोबा जपायला त्यावर मारतात ते पातळ द्रव. काल शेजारच्या काकूंनी गेटवरून हाक मारून विचारलं, ‘तुम्ही मारलंय ना, आम्ही पण मारून घेऊ का?’ उभ्या उभ्या पाच मिनिटांत काय सांगणार? म्हणून घरात येऊन लिहायला बसले. काकूंसारखं आणखी कुणी विचारात असेल तर त्यांच्यापर्यंतही पोचावं, यासाठी हे पत्र तुमच्याकडं पाठवते आहे. लांबलं तर कात्री लावा, पण आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींच्या हाताचं जे लिहिलंय तेवढं ठेवा.

मी शाळेचे गणवेश शिवून देते. घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं 11 मशिनी आहेत. गेटपासून शेडपर्यंतची वाट 42 फूट लांब आणि 11 फूट रुंद. कापडाचा टेंपो याच वाटेनं आत येतो, तयार मालाचे गठ्ठे याच वाटेनं बाहेर पडतात. पूर्वी इथं मुरूम टाकलेला होता. आमचा प्लॉट काळ्या मातीचा. मृगाचे दोन पाऊस झाले की मुरूम खाली बसायचा आणि माती वर यायची. आमचा धंदा तर सगळा जूनवरच. कोरोनाची दोन वर्षं मशिनी चादरी टाकून झाकलेल्या होत्या. 2022 च्या जूनला शाळा वेळेवर उघडणार म्हटल्यावर ऑर्डरी एकदम आल्या. आता टेंपो चिखलात रुतून चालणार नाही, म्हणून मी मे महिन्यात कोबा टाकून घेतला.

तिथंच पहिली चूक झाली. मे महिन्यातलं सोलापूर मी सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. माल कालवायला दहा वाजता सुरुवात झाली आणि दुपारी दोनपर्यंत ओतणं चाललं. इकडच्या टोकाला ओततायत तोवर तिकडचं टोक पांढरं पडत होतं. मग त्याच्यावर पाणी शिंपडलं, सुकं सिमेंट भुरभुरलं आणि गुरमाळ्यानं घोटून गुळगुळीत केलं. मला ते फार सुरेख दिसलं. वरचा तो थर सायीसारखा नुसता पसरलेला आहे, खालच्या मालाशी एकजीव झालेला नाही, हे मला कोण सांगणार? पाणी मारायचं म्हटलं तर आमच्या भागात तेव्हा उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. शेडमध्ये अकरा बायका कामाला. त्यांना प्यायला ठेवायचं की कोब्यावर ओतायचं? तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला आणि सोडून दिलं. पाचव्या दिवशी टेंपो आत आला.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं मला आयुष्यभर वाटत होतं. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, वाळलं की उलट ते काम थांबतं. आपल्या देशाच्या मानकात, आयएस 456 मध्ये, कोरड्या आणि उष्ण हवेत काँक्रीट निदान 10 दिवस सतत ओलं ठेवा असं लिहिलेलं आहे. राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर 14 दिवसांपर्यंत वाढवा असंही आहे. आज घरबांधणीला दुकानातून येतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राखेचंच. तेव्हा आपण चौदाच धरावेत. मी तीन दिवस दिले, तेही सलग नाही.

गणपती बसेपर्यंत कोबा भुगा सोडायला लागला. सकाळी झाडलं की केरसुणीपुढं राखाडी पिठाची रेघ यायची, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. पांढऱ्या शर्टिंगचा तागा खाली टेकवायचा नाही हा आमच्याकडं नियमच आहे, पण टेंपोतून उतरवताना एखादी कड टेकतेच. त्या कडेवर बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा उमटायचा. झटकला तर जायचा नाही, धाग्यात आणखी आत बसायचा. कटिंगच्या टेबलावर तागा उलगडला की तो पट्टा ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दिसायचा. एका ऑर्डरीतले 31 शर्ट माझ्याकडं परत आले, सगळ्यांच्या पाठीवर तीच खूण. शिवण उत्तम होती हो, पण पोराच्या आईला शिवण आधी दिसत नाही, डाग दिसतो.

मग कुणीतरी म्हणालं, ॲसिडनं धुवा. आपल्याकडं संडास-बाथरूमच्या फरशीला वापरतात तेच बाटलीतलं ॲसिड. मी चार बाटल्या ओतल्या. पांढरा फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. तो फेस म्हणजे माझं सिमेंट विरघळत होतं. दुसऱ्या दिवशी वाळूचे कण उघडे पडले, चपलेखाली करकर वाजायला लागलं. कडेची जास्वंद आठवड्यात वाळली आणि गेटचे खालचे गज गंजले. कोब्याला ॲसिड लावू नका, एवढं एक वाक्य जरी कुणी या पत्रातून घेतलं तरी माझी जास्वंद कारणी लागली असं समजेन.

आणि आता सिलरचं. 2023 च्या एप्रिलमध्ये, पुन्हा सीझनच्या तोंडावर, एका दुकानातून मी चकचकीत होणारा डबा आणला. बाहेर उन्हात चालेल का, असं विचारलं होतं. ‘चालतंय की’ असं उत्तर मिळालं. डब्यावर सगळी सूचना इंग्रजीत, तीही इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही मला ओळ सापडेना. मारणारी पोरं दुपारी तीनला आली. कोब्यावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. त्यांनी एकच जाड हात फिरवला. बघता बघता त्याच्यात बुडबुडे उठले, साबुदाण्याएवढे, आणि तसेच वाळले. पण चमक आली होती. मी बहिणीला फोटोसुद्धा पाठवला.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला काज-बटण करणाऱ्या आमच्या मावशी गठ्ठा घेऊन शेडमधून निघाल्या. कापड भिजू नये म्हणून त्यांनी गठ्ठा छातीशी धरलेला, दोन्ही हात गुंतलेले. त्या ओल्या कोब्यावर पाय सरकला. गठ्ठा सोडला असता तर कदाचित सावरल्या असत्या. त्यांनी सोडला नाही. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना प्लॅस्टर, पुढं व्यायाम. मी त्यांचा पगार चालू ठेवला, दवाखान्याचं बिल भरलं, ते भरायलाच हवं होतं. पण मनगट पूर्वीसारखं पूर्ण वळत नाही ते नाहीच. सुईत दोरा ओवताना त्या हात टेबलाला टेकवून धरतात. रोज माझ्यासमोर हे असतं. कुणाला दोष द्यावा? कोबा माझा, चमक मला हवी होती.

त्याच पावसाळ्यात तो थर सुटायलाही लागला. आधी टेंपोची चाकं थांबतात तिथं, मग सगळीकडं. उन्हानं सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे यायचे आणि कापडाला चिकटायचे.

मला यातून बाहेर काढलं ते एका म्हाताऱ्या गवंडीमामांनी. आमच्याकडच्या एका बाईंचे ते सासरे. उभं आयुष्य कोबे घोटण्यात गेलेलं, आता काम सोडलंय. त्यांनी एक पापुद्रा नखानं उचलला आणि उलटा करून मला दाखवला. त्याच्या पाठीला राखाडी पीठ चिकटलेलं होतं. ‘अक्का, ह्याला कशाला शिव्या देता? खाली भुगा हाय. भुग्यावर काय बी लावा, धरंल का ओ?’ मग वाटीभर पाणी मागवलं आणि पापुद्रा निघालेल्या जागेवर चार थेंब टाकले. थेंब टिकलेच नाहीत. जागा काळी झाली आणि पाणी गायब. ‘ह्यो किती तहानलाय बघा. तुमी त्याला पाणी दिलंच नाय.’ त्या चार थेंबांत मला जे कळलं ते आधीच्या दीड वर्षात कळलं नव्हतं.

नंतर मी पुष्कळ विचारलं, वाचलं, भाच्याकडून डब्यावरच्या सूचना मराठीत समजून घेतल्या. तो भाचा कॅनडात असतो. तिकडं घरापुढच्या वाटेवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि वरचा थर टवके निघाल्यासारखा उडतो, म्हणून तिथं सिलरची इतकी निकड. आपल्याकडं ती भीती नाही. आपली दुखणी म्हणजे ऊन, भुगा, गाडीचं तेल आणि बोअरच्या जड पाण्यानं फुटणारा पांढरा खार. तेव्हा तिकडचा सल्ला जशास तसा घेऊन भागत नाही.

सिलर मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एक वर बसून पातळ कातडं धरणारा: ॲक्रिलिक, इपॉक्सी, पॉलियुरेथेन. दुसरा आत मुरणारा: सिलेन-सिलॉक्झेनचा, जो पाणी आत शिरू देत नाही, आणि सिलिकेटचा, जो काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून ते आतून टणक करतो. वर बसणारा चमकतो, रंग खुलवतो, तेलाचा डाग वरच्या वर अडवतो. पण तो ओला झाला की घसरतो, आणि त्यात बारीक दाणे मिसळून खरखरीत केला नाही तर उतारावर घातकच. साधा इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो, तो घरातल्या फरशीसाठी ठीक. ॲक्रिलिक एक ते तीन वर्षांत पुन्हा मारावा लागतो. मुरणारा दिसतच नाही. मारल्यावर कोबा होता तसाच राहतो, पायाला पकड तीच राहते, आणि चांगला मुरला तर पाच वर्षं आणि त्याहून जास्त टिकतो. दिसत नाही म्हणूनच तो दारोदार विकायला कुणी येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामांच्या देखरेखीखाली आम्ही 2023 च्या नोव्हेंबरात काम काढलं. फरशी घासायचं मशिन लावून उरलेला चकचकीत थर आणि त्याखालचा भुसभुशीत थर काढला. तीन ठिकाणी आडवे तडे गेलेले होते, कारण 42 फुटांत एकही सांधा ठेवलेला नव्हता. चार इंची कोब्याला दर आठ-दहा फुटांवर जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा खोल कट हवा. तडा जायचाच असतो, तो कटात जातो आणि दिसत नाही. ते तडे लवचीक मसाल्यानं भरले. मग सिलिकेटचा एक हात दिला, त्यानं भुगा थांबला. गेटजवळचा साडेचार फुटांचा तुकडा पार गेलेलाच होता, तो फोडून नव्यानं ओतला.

त्या तुकड्याचे लाड मी स्वतः केले. सकाळी सहाला ओतायला सुरुवात, साडेसातला काम संपलं. वरून सुकं सिमेंट मारू दिलं नाही. आमच्या शेडमधलं कापड पाणी धरत नाही, त्यात पॉलिस्टर असतं. पण हे सोलापूर आहे, घरोघरी जुन्या सुती चादरी पडलेल्या असतात. मी सहा जुन्या चादरी आणि ओळखीच्या कारखान्यातले नापास टर्किश टॉवेल आणले, भिजवून कोब्यावर अंथरले आणि वरून प्लॅस्टिक टाकून कडेला विटा ठेवल्या. एकदा भिजवलेलं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओलंच राहायचं. रोज दोन-तीन बादल्यांत भागलं, तेही कपडे खळबळलेलं साबणाचं पाणी न वापरता. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरालाही हे जमतं. चौदा दिवस हे चाललं. एका चादरीचा लाल रंग उतरला, त्याचा फिका चौकोन गेटच्या डाव्या कोपऱ्यात अजून दिसतो. नव्या चादरी आणि गडद रंगाच्या चादरी वापरू नका. माझ्याकडचा चौकोन मात्र मी मुद्दाम घासून काढलेला नाही.

नवा तुकडा 28 दिवसांचा झाल्याशिवाय मामांनी सिलरच्या डब्याला हात लावू दिला नाही. तोवर जानेवारीतली गड्ड्याची जत्रा जवळ आलेली. मारायच्या आधी दोन गोष्टी पाहिल्या, आणि त्या कुणालाही घरी करता येतात. पाण्याचे थेंब ठिकठिकाणी टाकून पाहायचे. जागा काळी होऊन पाणी शोषलं गेलं तर मुरणारा सिलर आत जाईल. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला तर तिथं जुना थर किंवा तेल आहे, आधी ते काढा. दुसरं, कोबा आतून कोरडा आहे का. शर्टाच्या पॅकिंगचं दीड फुटी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवलं आणि रात्र धरून 16 तास ठेवलं. खाली दमटपणा दिसला. आणखी चार दिवस ऊन खाऊ दिलं, मग कोरडं निघालं. काळ्या मातीच्या प्लॉटवर ही परीक्षा चुकवू नये, खालून ओल वर येत राहते.

सकाळी आठला, ऊन कोब्यावर यायच्या आत, डाळिंबाला फवारतात तसल्या पाठीवरच्या पंपानं पाणी अडवणारा, मुरणारा सिलर मारला. पंप नवा घेतला, औषधाचा नाही. मुरणाऱ्याचा दुसरा हात पहिला ओला असतानाच द्यायचा असतो, कारण एकदा तो बसला की स्वतःचाच दुसरा हात आत घेत नाही. वर बसणाऱ्याचं उलट: पहिला वाळू द्यायचा, आणि दोन्ही हात पातळ. साचलेलं टॉवेलनं टिपून घेतलं. दोन हातांना मिळून 14 लिटर लागलं. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि दिवसभर टेंपो बाहेर.

आज थेंब टाकला तर तो वरच थांबतो. पांढरा तागा कधी टेकला तर झटकून स्वच्छ होतो. सिलरनं सगळं भलं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कोब्याखाली मुरमाची भर नीट दाबलेली नसेल तर तडा पडणारच, तो सिलर थांबवत नाही. तेलालाही मुरणारा सिलर पुरता अडवत नाही. टेंपो थांबतो तिथं आम्ही पत्र्याचा ट्रे सरकवतो. तेल पडलंच तर लाकडाचा भुसा टाकून लगेच उचलतो, पाणी ओतून पसरवत नाही. आणि ज्यांचं आवार छोटं आहे त्यांनी भिंतीकडेची हातभर माती मोकळी ठेवावी, पावसाचं पाणी तेवढं तरी जमिनीत जाईल. मी तिथं पुन्हा जास्वंद लावली आहे.

संपादक महोदय, विकणाऱ्यांकडं माझं मागणं एकच आहे. डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत दोन ओळी असाव्यात: हा वर बसणारा आहे की मुरणारा, आणि ओला झाल्यावर घसरतो की नाही. ज्या दुकानात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत भाव सांगता येतो, तिथं एवढी सूचना तिन्ही भाषांत लिहून लावता येणार नाही का? मारायला येणारी पोरंही ते वाचू शकतील. मला वाईट वाटतं ते हेच, की त्या पोरांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आपल्या पेपरातून ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या कानावर गेली तर फार बरं होईल. आपल्याकडं हे काम करायला दिवस थोडे असतात. शिवरात्रीनंतर सकाळी नऊलाच कोबा तापायला लागतो.

मावशी अजून आमच्याकडंच आहेत. कोबा आता ओला असला तरी घसरत नाही, हे त्यांना मी चालून दाखवलंय. तरी पाऊस असला की त्या भिंतीला हात लावूनच शेडपर्यंत येतात.

शेजारच्या काकूंचा कोबा दसऱ्याच्या सुमारास ओतलेला आहे आणि त्यांनी पाणी किती दिवस मारलं ते त्यांना आठवत नाही. उद्या सकाळी वाटीभर पाणी घेऊन मी त्यांच्याकडं जाणार आहे.

आपली नम्र,
गणवेश शिवणारी एक वाचक
जुळे सोलापूर